झुडपाभोवती काठी

आमच्या शाळेत नवे मुख्याध्यापक आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी कारकुनाला बोलावून विचारलं, "हे झुडपे सर रोज वर्ग घेतात, पण हजेरीपटावर त्यांचं नाव कुठेच कसं नाही?"

कारकून हसायलाच लागला. झुडपे हे आडनाव नव्हतंच. इंग्रजीच्या सरांना गावानं ठेवलेलं नाव होतं ते, आणि ते इतकं रुळलं होतं की लग्नाच्या पत्रिकांवर ‘श्री. झुडपे सर व परिवार’ असं लिहून यायचं. सर लाल पेन काढून आधी नाव दुरुस्त करायचे, मग पत्रिकेतल्या शुद्धलेखनाच्या चुका, आणि पत्रिका यजमानांकडे परत पाठवायचे. लग्नाला मात्र वेळेवर हजर असायचे.

हे नाव पडलं ते एका इंग्रजी वाक्प्रचारामुळे. बीट अराउंड द बुश. म्हणजे झुडपाच्या भोवतीभोवती काठी आपटत राहणं. मुद्द्याचं सोडून इकडचं तिकडचं बोलत बसणं. सरांचा जगातल्या कुठल्या गोष्टीवर राग असेल तर तो या सवयीवर. त्यांच्याकडे बांबूची एक काठी होती. त्या काठीनं त्यांनी कधी कुणाला मारलं नाही. समोरचा मुद्दा सोडून बोलायला लागला की ते टेबलाच्या कडेकडेनं ती काठी आपटायचे. ठक, ठक, ठक, अशी टेबलाला प्रदक्षिणा. बोलणारा मुद्द्यावर येईपर्यंत ती थांबायची नाही.

मी अकरावीत असतानाची गोष्ट. एकदा माझा गृहपाठ राहिला होता. सरांनी विचारलं तशी मी उभी राहिले.

"सर, काल चामोर्शीचा बाजार होता, तं माय म्हणाली का तू चाल, कावून का बाबाले बरं नव्हतं, अन् बस उशिरा आली, त्यात..."

ठक. ठक. ठक.

"...त्यात मासे उरले होते, ते परत आणता आणता..."

ठक. ठक. ठक.

"अभ्यास नाई केला, सर."

"बस!" सर म्हणाले. "हेच पयले सांगतलं असतं तं आतापरेंत माहा अर्धा फळा लिहून झाला असता. बस खाली. उद्या आण."

शिक्षा काही नाही. खोटं बोललं तरी त्यांना फारसं लागायचं नाही, पण लांबवून बोललेलं सहन व्हायचं नाही.

आमचं गाव चामोर्शीहून बसनं तासाभराच्या वाटेवर, एका मोठ्या जुन्या तलावाच्या पोटाशी. गावात निम्मी घरं भातशेतीची, बाकीची आम्हा ढिवरांची, तलावातल्या मासेमारीवर जगणारी. सर मूळचे जंगलाकडच्या गावचे. बोलायचे आमच्यासारखंच, पण मध्येच इंग्रजी सुरू झालं की बातम्या वाचल्यासारखे. सायकलच्या कॅरिअरला ताडपत्रीत गुंडाळलेला एक जाडजूड शब्दकोश कायम बांधलेला असायचा. एकदा ट्यूब पंक्चर झाली तेव्हा त्यांनी सायकल रस्त्याकडेला टाकली आणि शब्दकोश डोक्यावर घेऊन चालत शाळेत आले.

"परतेक वाक्प्रचाराले गाव असते," हे त्यांचं आवडतं वाक्य. "तो कुठून आला, त्याचे मायबाप कोन, हे मालूम नसन तं त्याले वापराचं नाई." त्यामुळे आमच्या वर्गात गाइड चालत नसे. ‘पीस ऑफ केक’, म्हणजे अगदी सोपं काम, हे शिकवायचं होतं तर सर आधी चामोर्शीच्या बेकरीतून केक घेऊन आले. बसच्या गर्दीत त्याची पार भाकरी झाली होती. सगळ्यांना चिमूट चिमूट मिळाला. मग सरांनी विचारलं, "सांगा, एखादं काम केक खाण्यासारखं म्हणजे कसं?" मागच्या बाकावरून उत्तर आलं, "टाळूले चिपकणारं." सरांनी ते वहीत लिहून घेतलं.

मांजरं-कुत्र्यांचा पाऊस पडतो, असं इंग्रज म्हणतात; तो वाक्प्रचार मात्र त्यांनी आम्हाला शिकवलाच नाही. त्याचा उगम कुणालाच नक्की माहीत नाही, असं त्यांच्या शब्दकोशात लिहिलं होतं. "ज्याचं गावच मालूम नाई, त्याले मी घरात घेत नाई," म्हणाले. नेमका तोच परीक्षेत आला. आमच्या सगळ्या वर्गाचा एक-एक गुण गेला आणि मुख्याध्यापकांनी त्यांना बोलावून घेतलं. सरांनी सांगितलं, "चूक माही आहे. पण पुढच्या वर्षीही नाई शिकवणार."

एका सव्वीस जानेवारीला पाहुणे म्हणून तालुक्याचे एक पुढारी आले होते. भाषण सुरू झालं ते आपल्या लहानपणापासून. ते चौथीत पोहोचले तेव्हा पहिल्या रांगेतल्या सरांची काठी खुर्चीच्या पायाभोवती हळूच सुरू झाली. आमच्या वर्गाला ती खूण पाठ होती. कुणी पट्टी काढली, कुणी चपलेनं जमीन बडवली, आणि बघता बघता सगळं मैदान ठकठकायला लागलं. पुढाऱ्यांना वाटलं, मुलांना भाषण आवडतंय. त्यांनी हात जोडले, डोळे पुसले आणि अजून अर्धा तास बोलले.

या एका वाक्प्रचारावरच सरांचा एवढा जीव का, ते त्यांनी आम्हाला बारावीच्या सुरुवातीला सांगितलं. नोकरीच्या पहिल्या वर्षी ते नागपूरला एका प्रशिक्षणाला गेले होते. खेड्यातून आलेले, इंग्रजी पुस्तकातलं, कानावर कधी पडलेलं नाही. तिथल्या साहेबांनी त्यांना काहीतरी विचारलं. हे घाबरून लांबण लावत गेले. तेव्हा साहेब इंग्रजीत म्हणाले, "डोन्ट बीट अराउंड द बुश."

"मले वाटलं, साहेब माह्या घरच्याइबद्दल बोलून राह्यले," सर आम्हाला सांगत होते. "कारण माहा आजा तेच काम करे. जमीनदाराची शिकार निंगाली का गावचे लोक हाका घालाले जात. झुडपाभोवती काठ्या आपटाच्या, डबे वाजवाचे, जनावर उठवून बंदुकीकडं काढाचं. मी उभा राह्यलो न् इंग्रजीत सांगतलं, नो सर, मी नाई करत, माहे ग्रँडफादर करत होते, अन् आता शिकारीवर बंदी आहे."

वर्ग खो-खो हसला. सरही हसले.

"तिथंही असेच हसले. साठ लोक. साहेबाच्या डोळ्यात तं पानी आलं. मंग मी दुसऱ्या दिवशी लायब्ररीत गेलो न् सगळ्यात मोठा शब्दकोश उघडला. काय लिहून होतं? जुन्या काळी इंग्लंडात पक्ष्याइच्या शिकारीले मानसं लावत. ते झुडपाभोवती काठ्या आपटत, पाखरं उडवत, अन् दुसरे जाळ्यात धरत. त्याच्यावरून हा शब्द आला." सरांनी काठी टेबलावर आडवी ठेवली. "म्हंजे त्या साठ लोकाइत बरोबर उत्तर एकट्या मीच देलं होतं!"

आम्ही टाळ्या वाजवल्या.

त्याच हिवाळ्यात, भात कापून झाल्यावर, मला मूल गावाकडचं स्थळ आलं. मुलगा वाईट नव्हता. सूरजागडच्या खाणीतला लोखंडाचा दगड वाहणाऱ्या ट्रकवर ड्रायव्हर होता. मोबाइलवर फोटो आला. ट्रकच्या दारात तो उभा. फोटोत ट्रकच जास्त दिसत होता. परीक्षा झाली की साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, आणि वैशाखात लग्न, असं घरात ठरत आलं. मला पुढे शिकायचं होतं. चंद्रपूरला कॉलेजात इंग्रजी घेऊन बी.ए. करायचं, मग सरांसारखं फळ्यासमोर उभं राहायचं. पण हे घरात बोलायची माझी छाती नव्हती. मी सरांना सांगितलं. यावेळी एका वाक्यात सांगितलं, काठी वाजली नाही.

सर त्याच संध्याकाळी सायकल घेऊन आमच्या अंगणात आले. बाबा जाळं सांधत बसले होते. सर बसले नाहीत, सायकलही स्टँडला लावली नाही.

"भाऊ, तुमची पोरगी हुशार आहे. तिचं आत्ता लगन करून राह्यले, हे चूक आहे. तिले चंद्रपूरले शिकाले पाठवा. एवढंच सांगाचं होतं."

बाबांनी वर पाहिलं नाही. गाठ पक्की करत विचारलं, "मास्तर, तुमाले पोरगी आहे का?"

"नाई."

"मंग सोपं आहे. ते नसलेली पोरगी पाठवा चंद्रपूरले. पानी प्या अन् जा."

सर पाणी पिऊन गेले. सगळं मिळून दोन मिनिटांत. पण बाबांना ते असं लागलं की दुसऱ्याच दिवशी त्यांनी मूलला फोन करून साक्षगंधाची तारीख पक्की करून टाकली. माय चुलीपाशी बसून म्हणाली, "मास्तर आले नसते तं बरं झालं असतं. मी हळूहळू काढलं असतं त्याइच्या डोक्यातून." मी सरांवर तीन दिवस रागावून होते. वर्गात मुद्दाम खिडकीबाहेर बघत बसायचे. सरांनी ते पाहिलं, पण काही बोलले नाहीत. सर बोलले नाहीत, ही गोष्ट मोठीच होती.

नंतर पंधरा-वीस दिवसांनी त्यांनी जंगलातल्या टोल्यावरून, म्हणजे वस्तीवरून, एका म्हाताऱ्या गोंड आजाला शाळेत आणलं. हे त्यांचं आधीपासूनच ठरलेलं होतं. वाक्प्रचाराचं गाव आम्हाला प्रत्यक्ष दाखवायचं होतं. आजाचं वय कुणालाच माहीत नव्हतं, त्याला स्वतःलाही. लहानपणी तो जमीनदाराच्या हाक्यावर गेलेला. सरांनी आमचा चाळीस जणांचा वर्ग तलावाच्या पाळीवर, मातीच्या बांधावर, नेला. तिथं काठानं बेशरमाची डोक्याइतकी उंच झुडपं माजली होती. प्रत्येकाच्या हातात काठी नाहीतर डबा. आजानं आम्हाला लांबलांब उभं करून अर्धगोल केला.

सरांना धीर कुठला! ते तरातरा पुढे गेले आणि त्यांनी झुडपावरच काठी हाणली.

आजानं झडप घालून त्यांचं मनगट धरलं. "ओ मास्तर! मराचं आहे का?"

"कावून?"

"झुडपावर नाई मारत बाप्पा. आत डुक्कर असन, अस्वल असन, तं सीधं आंगावर येते. ते भेलं राह्यते ना! भोवती मारा लागते. दुरून. हळूहळू. न् एका अंगानं वाट मोकळी सोडा लागते. मंग ते आपल्या पायानं बाहीर निंगते."

सर तसेच उभे राहिले. तोवर आजानं इशारा केला आणि चाळीस काठ्या जमिनीवर पडायला लागल्या. पाच मिनिटं काहीच झालं नाही. मग झुडूप हललं. मुली किंचाळल्या, पुढची मुलं मागे सरली. आणि मोकळ्या ठेवलेल्या वाटेनं, एका हातात गळ आणि दुसऱ्या हातात एक चांगली हातभर मरळ घेऊन, मुख्याध्यापक बाहेर आले.

त्या दिवशी ते तालुक्याला मीटिंगला गेलेले होते. निदान फळ्यावर तसं लिहिलेलं होतं.

"मी... म्हणजे, निघालोच होतो," ते म्हणाले. "पण बस... आणि म्हटलं, जाता जाता पाण्याची पातळी किती आहे ती पाहावी, कारण शाळेच्या दृष्टीनं पाणी हा विषय..."

ठक. ठक. ठक. आम्ही चाळीस जण. त्यांच्या भोवती.

"जाऊ द्या त्याले," आजा मोठ्यानं म्हणाला, "वाट सोडली आहे ना!" आणि मुख्याध्यापक खरोखरच त्या वाटेनं निघून गेले. मरळ बरोबर घेऊन. ती आमच्या बाबांच्या तलावातली होती, हे बाबा पुढे कित्येक वर्षं बोलून दाखवायचे.

त्या गोंधळात एकट्या सरांची काठी वाजली नव्हती. ते आजाकडे बघत उभे होते. परत येताना त्यांनी त्याला जनावराच्या भिण्याबद्दल दोनदा तेच विचारलं, "भेलं राह्यते म्हून आंगावर येते?" आजा म्हणाला, "नाई तं कावून येईन? त्याले का तुमची दुश्मनी आहे?"

त्यानंतर सर तलावावर यायला लागले. शाळा सुटली की सायकल पाळीला टेकवायची आणि बाबा जाळं सांधत बसायचे तिथून चार हातांवर बसायचं. पहिल्या दिवशी तासभर बसून ते एकच वाक्य बोलले, "पानी कमी झालं." बाबा म्हणाले, "हं." सर उठून गेले. मायला काळजी वाटली. "मास्तरची तब्येत बरी नाई का व?"

सरांना ते फार जड जात होतं. एखादा मुद्दा ओठाशी आला की ते पाण्यात खडे टाकायचे. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी जाळ्याला शिशाचे मणी का लावतात ते विचारलं. बाबांनी सांगितलं. मग कुठल्या महिन्यात कुठला मासा, कुठली गाठ कशी. सर वहीत लिहून घ्यायचे आणि चुकीचं लिहायचे. बाबांना वाचता येत नव्हतं, पण सर परत वाचून दाखवायचे तेव्हा चूक बरोबर पकडायचे. शिक्षकाची चूक काढायला कुणाला आवडत नाही? बाबा वाट बघायला लागले.

एक दिवस सर म्हणाले, मी जाळं फेकून पाहतो. बाबांनी नको म्हटलं. सरांनी कंबर वळवून फेकलं ते स्वतःभोवतीच गुंडाळलं गेलं आणि सर जाळ्यासकट पाण्यात गेले. बाबांनी ओढून बाहेर काढलं. चष्मा गेला, एक चप्पल गेली. बाबा पाळीवर बसून पोट धरून हसले. "एवढा मोठा मासा या तलावात निंगाला नाई आजपरेंत," म्हणाले. घरी येऊन मायला सांगताना परत हसले.

परीक्षा झाली. साक्षगंधाला आठ दिवस उरले होते. सर महिनाभर येत होते आणि माझ्याबद्दल अवाक्षरही बोलले नव्हते. मी आशा सोडून दिली होती. त्या दुपारी मी बाबांचा डबा घेऊन पाळीवर गेले. दोघं पाठमोरे बसले होते. मी पोहोचणार तेवढ्यात बाबा बोलायला लागले, म्हणून मी बेशरमाच्या झुडपाआड थांबले.

"मास्तर, मईना झाला तुमी येऊन राह्यले. माह्या पोरीचं नाव नाई काढलं. कावून?"

"तुमी सांगतलं होतं ना भाऊ, पानी प्या अन् जा म्हून."

बाबांनी जाळ्याची एक गाठ ओढून घट्ट केली. मग म्हणाले, "ते दहावीत होती. चामोर्शीच्या बाजारात मी टोपलं घेऊन बसलो होतो. तिच्या शाळेतली एक पोरगी आली, मायबापासंगं. चांगल्या घरची. ही माह्याजवळून उठली न् दोन हात दूर जाऊन उभी राह्यली. जसं काई त्या माशाइचा न् तिचा संबंधच नाई. मी पाह्यलं. काई बोललो नाई." बाबांनी हातातली सुतळी सोडली. "आता चंद्रपूरले जाईन. इंग्रजी बोलन. त्या दोन हाताचे किती कोस होतीन, मास्तर?"

झुडपाआड माझे कान तापले. तो दिवस मला आठवत होता. मैत्रिणीचा निळा ड्रेससुद्धा आठवत होता. मला दोन वर्षं वाटत होतं, बाबांनी पाहिलंच नाही.

सरांनी चष्मा काढला. नवा होता, त्याची दांडी त्यांना टोचायची.

"भाऊ, नागपूरची गोष्ट मी पोट्ट्याइले सांगतो. माह्या आज्याची. पण अर्धीच सांगतो. ते साठ लोक हसले ना, तवा साहेबानं इचारलं, तुमचे आजोबा खरंच हाका घालत होते का? मी म्हटलं, नाई सर. ते वनखात्यात अधिकारी होते."

बाबा वळले. "अधिकारी?"

"तुमच्या पोरीनं तं फक्त दोन हात सरकून पाह्यलं. मी माह्या आज्याले सरकारी नोकरीच लावून देली."

"आजा जित्ता होता?"

"होता ना! आमच्या गावचा एक मास्तर माह्यासंगं प्रशिक्षणाले होता, त्यानं जाऊन सांगतलं त्याले."

"मंग?"

"आजा म्हणे, बरं झालं. पेन्शन कवा सुरू होते?"

बाबा हसायला लागले. सरही हसले, पण त्यांना ते पूर्ण जमलं नाही. "तो हसला, भाऊ. पन मीच नंतर त्याच्या डोळ्याले डोळा देला नाई. तो मरेपरेंत. शब्दकोशात खरं काय ते सापडलं तवा पयले त्याले सांगाले जा लागत होतं. गेलो नाई. मी शिकलो म्हून असं झालं नाई. मी भेलो म्हून झालं. तुमच्या पोरीनं काय करावं, मी नाई सांगत. पन तुमी पाह्यलं होतं, हे तिले सांगा. माह्या आज्यानं मले सांगतलं असतं, शिव्या देल्या असत्या, तं बरं झालं असतं."

मला पुढे ऐकवलं नाही. मी तशीच बाहेर आले. दोघंही दचकले. डबा ठेवला, जाळ्यात अडकलेले झिंगे काढायला बसले आणि तेच करत राहिले.

"हात घान होतीन," बाबा म्हणाले.

"मी पाह्यलं होतं का तुमी पाहून राह्यले ते," मी म्हणाले. ते पूर्ण खोटं होतं आणि मला रडू आवरत नव्हतं. "नाई. मले मालूम नव्हतं, बाबा. मी चुकली."

सर उठले, सायकल घेतली आणि निघून गेले. बाबांनी मला काही शिव्या दिल्या. मोठ्या नव्हत्या. मग आम्ही दोघं एका डब्यात जेवलो.

बाबांनी घरी निर्णय वगैरे सांगितला नाही. चार दिवसांनी धुतलेला सदरा घालून मूलला गेले. तिथं काय झालं ते मायला नंतर कळलं. त्यांनी दारातच सांगितलं होतं, "पोरगी शिकते म्हणते. लगन नाई. माफ करा." मुलाच्या काकानं बरंच सुनावलं. बाबा ऐकून घेऊन पुढच्या बसनं परत आले. ड्रायव्हरचं वर्षभरात दुसरीकडे जमलं. आता त्याचा स्वतःचा ट्रक आहे म्हणतात.

सर दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. निरोपाचा कार्यक्रम दोन तासांचा ठेवला होता. सर उभे राहिले, "मी चाललो. मले इथी बरं वाटलं," एवढं बोलून खाली बसले. उरलेला वेळ कसा भरायचा म्हणून मुख्याध्यापकांनी मुलांना पाणी वाचवण्याविषयी सांगितलं. मी आता गडचिरोलीला इंग्रजी शिकवते. सरांचे फोन येतात. पूर्वी अर्ध्या मिनिटात ठेवायचे. हल्ली धानाचा भाव, तलावाचं पाणी, बाबांचा गुडघा असं सगळं होऊन मग कामाचं निघतं.

पण सर म्हटलं की मला पहिल्यांदा आठवतो तो एक दिवस, ज्या दिवशी सर तिथं नव्हतेच.

चंद्रपूरच्या वसतिगृहात मला सोडायला बाबा आले होते. दोन बस बदलून. माझी ट्रंक डोक्यावर, तीही उतरवू देईनात. वॉर्डनबाईंनी फॉर्म काढला, माझ्याकडून भरून घेतला आणि पालकाच्या सहीपाशी बोट ठेवलं. मग बाबांकडे एकदा पाहून त्यांनी खणातून शाईचं पॅड काढून पुढे सरकवलं. बाबांनी रेशनपासून मतदानापर्यंत सगळीकडे अंगठाच लावलेला. मीही त्यांच्या हातासाठी रुमाल काढून ठेवला.

बाबांनी पॅड बाजूला केलं. "पेन द्या," म्हणाले.

ते खुर्चीवर बसले. पेन मुठीत धरलं, मग सोडून नीट दोन बोटांत धरलं. फॉर्मवर एवढे वाकले की टोपी बाईंच्या टेबलाला टेकली. एकेक अक्षर सुटं काढलं. स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. बाहेर एक बस येऊन गेली. सगळ्यात शेवटी त्यांनी डावीकडून उजवीकडे एका दमात शिरोरेघ ओढली आणि टोकाला थोडी वर उचलली. मी दोन वर्षं रोज फळ्यावर, इंग्रजी वाक्प्रचाराखालच्या मराठी अर्थावर, तीच रेघ पाहत होते. अशी रेघ आख्ख्या तालुक्यात एकच माणूस ओढायचा.

"बाबा, हे कवा?"

"तलावावर," बाबा म्हणाले. मान वर केली नाही. "मास्तर पाळीवर काडीनं काढून दाखवे. मी म्हटलं, पोरीले सांगू नोका, जमलं नाई तं हसन." मग फॉर्म हातभर दूर धरून त्यांनी सही पाहिली. ती चौकटीतून निघून माझ्या फोटोच्या खांद्यावरून पलीकडे गेली होती.

वॉर्डनबाई फॉर्म घ्यायला लागल्या, तर बाबांनी तो सोडला नाही.

"बाई," त्यांनी विचारलं, "अजून कुठी करा लागते का?"